गंगावेशीतलं निळं दूध

१

सांगून कुणाला पटायचं नाही, आणि ज्याला लगेच पटेल तो कोल्हापूरचा नसणार; पण गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर एका म्हशीनं निळं दूध दिलं. एकदा दिलं असतं तर लोकांनी ती गंमत म्हणून सोडून दिली असती. तिनं ते पुन्हा दिलं, आणि मग पुन्हा.

साल एकोणीसशे एकोणनव्वद. दिवाळीचा पाडवा नुकताच झालेला. पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून म्हशी मिरवल्या होत्या, त्यातलीच एक ही तानाबाई गवळ्यांची चंद्री. अंगानं काळीभोर, स्वभावानं गरीब.

कट्ट्याची रीत बाहेरच्या पावण्याला सांगावी लागते. इथं घरून काढलेलं दूध कुणी विकत नाही. इथं म्हैसच येते. दिवेलागणीला गिऱ्हाईक तिच्यासमोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत सडाची धार थेट पेल्यात पडते आणि फेसाळलेला पेला ऊन ऊन तसाच तोंडाला लागतो. मध्ये किटली नाही, चरवी नाही, नळ तर नाहीच नाही. भेसळ करायची कुणाच्या मनात आली तरी ती कुठं करायची, असा प्रश्न पडावा अशी ही रीत.

आणि तरीही त्या संध्याकाळी एका पोराच्या पेल्यात धार पडली आणि पांढऱ्या फेसावर निळी झाक चढली. पोरगं पेला टाकून आईच्या मागं लपलं. शेजारच्या एका चिमुरडीनं मात्र घाईत घोट घेऊन टाकला होता. तिचे ओठ निळे झाले, आणि ते ती सबंध गल्लीला दाखवत हिंडली. बाकी तिला काही झालं नाही.

पहिल्या खेपेला लोक हसले. दुसऱ्या खेपेला कुजबुजले. तिसऱ्या खेपेला तालमीचे सयाजी वस्ताद पुढं आले. कट्ट्यावर त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"तानाबाई, म्हशीला काय टोचतीस?"

"आईशप्पत वस्ताद, सुई कसली असती ती बी मला ठावं न्हाय!"

"मग काय चारतीस?"

"कडबा आन् पेंड. दुसरं काय चारू?"

"कडब्यानं दूध निळं झालेलं माझ्या बापानं बघितलं न्हाय, आज्यानं न्हाय." वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. "सोमवारपास्नं चंद्री हितं दिसायची न्हाय. एक तर कुणी काय केलं ते आणून दाखव, न्हाय तर दावं सोड."

तानाबाईचं घर त्या एका म्हशीवर होतं. पण म्हैस कुठंही बांधता येते. डेअरीला दूध घालता येतं. खुपत होतं ते दुसरंच. आजेसासऱ्यापासून कट्ट्याच्या कोपऱ्यातल्या दगडापाशी त्यांचीच म्हैस उभी राहायची, आणि आता तिथून जाताना ती 'भेसळवाली' म्हणून जाणार होती. कोल्हापुरात गवळणीला हा शब्द लागला की तिच्या घरात सून यायची नाही.

ती घरी गेली नाही. तडक नाकेदारांच्या दाराशी गेली.

२

नाकेदार म्हणजे शमशुद्दीन मुजावर. सबंध नोकरी जकात नाक्यावर गेली. आता पेन्शन खात दारातल्या बाकड्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थापा ऐकवायचे. हुपरीची चांदी केळ्यांच्या घडात लपवून चालली होती, ती आपण नुसत्या वासावर ओळखली, ही त्यांची साधी थाप. मोठी थाप अशी, की चंदगडच्या काजूच्या पोत्यात बसून एक वाघ गोव्याला निघाला होता, आणि आपण त्याचीही पावती फाडली. ऐकणारा म्हणायचा, "सोडा ओ नाकेदार!" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "वाघाला जकात बसती का न्हाय, एवढंच सांग."

पण थापाड्या माणसाला दुसऱ्याची थाप पटकन ओळखू येते, आणि त्यासाठी गल्ली त्यांना मानायची. नाक्यावर त्यांचा एक नेम असायचा. गाडीवान ज्या पोत्याकडं बोट करतो ते सोडून द्यायचं, आणि ज्या पोत्याकडं बघायचं टाळतो ते फोडायचं.

त्यांनी तानाबाईला पाणी दिलं. "आता सांग. कुणाचं वैर हाय तुझ्याशी?"

"कृष्णात. माझ्या शेजारी बांधतोय म्हैस. माझी जागा कोपऱ्याची, दिव्याखालची. किती वर्सं डोळा हाय त्याचा."

"आणि?"

तानाबाई अडखळली. "घरातलं बोलू नये. खरं माझी जाऊ शालूबाई. चंद्री वाटणीत मला आली, तिला न्हाय. रोज पेलं तीच घासून आणती. आता तुम्हीच बघा."

"कट्ट्यावर तुझ्याबरोबर आणखी कोण असतंय?"

"कोण असणार? मी एकटी. हां, तुमचा निसार येऊन बसतोय की दगडावर. त्याचं उपकारच हायत, नाकेदार. एवढा डाक्टर झालेला पोरगा, खरं पोरांची गर्दी झाली की स्वता पेलं उचलून हातात देतोय."

नाकेदारांची छाती फुगली. निसार त्यांच्या बहिणीचा, मेहमुदाचा, एकुलता एक पोरगा. सरकारी वजिफ्यावर रशियाला, किएव्हला गेला आणि डॉक्टर होऊन याच पावसाळ्यात परतला. तो तिकडं असतानाच चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली होती. त्या उन्हाळ्यात मेहमुदानं अन्न सोडलं होतं. पोरगा धडधाकट परत आला तेव्हा नाकेदारांनी सबंध गल्लीला पेढे वाटले. दवाखान्याची पाटीही रंगवून घेतली. ती पाटी मात्र अजून घरात भिंतीला टेकून उभी होती. निसार म्हणायचा, लावू की, घाई काय हाय.

"आमचा निसार हायच तसा," नाकेदार म्हणाले. "जा घरी. सोमवारच्या आत चोर तुझ्या दारात उभा करतो."

असा शब्द त्यांनी याआधी कुणाला दिला नव्हता. नंतर त्यांना फार वाटलं, की त्या दिवशीही दिला नसता तर बरं झालं असतं.

३

कृष्णात गोठ्यात शेण काढत होता. नाकेदारांनी त्याच्या हातांकडं बघितलं आणि तिथंच थबकले. उजव्या हाताची बोटं निळी होती.

"काय रं, निळीचा धंदा काढलास?"

"व्हय की. चोर सापडला, न्या बांधून!" कृष्णातनं फावडं आपटलं. "समदी गल्ली ह्या बोटांकडंच बघालीय. अवो, पाडव्याला शिंगं रंगवली, त्यो रंग हाय ह्यो. डबा तितं पडलाय. बघा, वास घ्या, चाटा पायजे तर."

नाकेदारांनी खरंच डबा उघडला. काडीनं थोडा रंग घेतला, कृष्णातच्या बायकोकडून वाटीभर ऊन दूध मागितलं आणि त्यात तो सोडला. रंगाचा गोळा झाला. तेलाचा तवंग वर आला आणि टर्पेंटाइनचा वास सुटला. दूध मात्र होतं तसंच पांढरं राहिलं.

"तेलरंग दुधात मिसळत न्हाय," नाकेदार पुटपुटले. "तू न्हाईस त्यो."

"मग कोण हाय?"

"ज्यानं घातलंय त्यानं वास नसलेलं, चव नसलेलं काय तरी घातलंय. कपड्याची नीळ असंल." ते वळले, आणि पुन्हा थांबले. "लेका, तुला तानाबाईचा काटा काढायचा असता तर तू काय घातलं असतंस?"

कृष्णातनं विचार केला. त्याला या प्रश्नाचा राग आला नाही, उलट जरा हुरूपच आला. "घासलेट. एक थेंब घातला तरी वर्सभर कोण फिरकलं नसतं."

"मला बी तेच वाटालंय."

वाटेत हीच गोष्ट त्यांच्या डोक्यात घोळत राहिली. वैऱ्यानं घासलेट घातलं असतं, एरंडेल घातलं असतं. इथं कुणीतरी असं काही निवडलं होतं, की ते दिसताक्षणी माणूस पेला खाली ठेवेल. आणि चुकून कुणी प्यालाच तर त्याचं पोट सुद्धा दुखणार नाही. चोर काळजी घेणारा होता. असला चोर सबंध नोकरीत त्यांनी बघितला नव्हता.

४

शालूबाई हातातली राख झटकून उठली आणि कुणी काही विचारायच्या आत कडाडली.

"माझं नाव घेतलं आसंल न्हवं तिनं? घेऊंदे! दुसऱ्या खेपंला दूध निळं झालं तवा मी हुपरीला माहेरात हुते. भावाच्या घरात पैंजणाला घुंगरं जोडत बसलेली. चला हुपरीला, विचारा! त्या दिशी पेलं तिचं तिनंच घासल्यालं."

नाकेदारांनी नंतर हे ताडून बघितलं. ते खरं होतं.

"चिडू नगंस. मला येवढंच सांग, पेलं घासताना कशात निळं दिसतंय?"

"ल्हान पेल्यांत. पोरांच्या." तिनं कोपऱ्यातली भांडी दाखवली. एका बाजूला पैलवानांचे मोठे पितळी तांबे, दुसऱ्या बाजूला कल्हईचे लहान पेले. "पैलवानांच्या तांब्याला काय सुदीक झालेलं न्हाय. येकदा बी न्हाय. म्हशीत दोष आसता तर त्यास्नी निळं दूध मिळालं नसतं व्हय?"

नाकेदारांनी एक लहान पेला उचलून आत बघितलं. एवढी साधी गोष्ट, पण धार निळी होते म्हणून सबंध कट्टा सडाकडं बघत होता. पेल्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. नीळ दुधातून येतच नव्हती. ती आधीच पेल्याच्या तळाशी असायची, चिमूटभर, आणि पेल्याच्या सावलीत दिव्याखाली सुद्धा दिसायची नाही. वरून धार आपटली की ढवळून निघायची.

आणि ती फक्त पोरांच्या पेल्यांत असायची.

"आणखी येक सांगू?" शालूबाईनं आवाज उतरवला. "लोक तुमच्या तोंडावर बोलत न्हाईत. तुमचा निसार म्हशीपाशी बसतोय. त्या भट्टीची किरणं अंगात घेऊन आलाय म्हणत्यात. त्यानंच दूध नासतंय म्हणं. नाभिकानं त्याची दाढी करायची बंद केलीय, तुम्हाला ठावं हाय का? त्यो बिचारा घरीच करतोय."

नाकेदारांना ते ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात दुसरीच घंटा वाजत होती. तानाबाईशी कुणाचंच वैर नव्हतं. ज्यानं कुणी हे केलं होतं, त्याचा रोख कट्ट्यावर दूध पिणाऱ्या लेकरांवर होता.

५

शनिवारी दुपारी ते बहिणीकडं जेवायला गेले. मेहमुदानं तांबडा रस्सा केला होता, पण ती धुसफुसत होती.

"दादा, ह्या दुकानदाराला काय तरी सांग. निळीची पुडी दोन महिनं पुरती, ही आठवड्यात संपली. आन् सदरं बघ, पिवळंच! नीळ जाती तरी कुठं?"

नाकेदारांचा घास हातात राहिला.

समोर निसार बसला होता. जेवण झाल्यावर मेहमुदानं सगळ्यांना चहा दिला. निसारच्या कपात कोरा चहा होता, त्यात लिंबाची फोड. 'रशियाची सवय' म्हणून नाकेदारांनी हे कौतुकानं चारचौघांत सांगितलं होतं. आता त्यांना आठवायला लागलं. आल्यापासून हा पोरगा दूध प्यालेला नाही, खीर नाही, दही नाही, आला त्या दिवशी आईनं केलेला शीरखुर्मा सुद्धा त्यानं वाटीत तसाच ठेवला होता. आणि हाच रोज संध्याकाळी दूधकट्ट्यावर जाऊन बसतो.

"कट्ट्यावर जाणार हाईस का आज?" त्यांनी विचारलं.

"जाईन की, मामू."

संध्याकाळी नाकेदार आधीच जाऊन चंद्रीपाशी उभे राहिले. पोत्यावर पालथे घातलेले लहान पेले त्यांनी सगळ्यांसमोर एकेक करून पुसले. तानाबाई म्हणाली, "अवो, स्वच्छ हायत त्ये." ते म्हणाले, "असूदे की."

मग पोरांची झुंबड उडाली. निसार दगडावरून उठला. त्यानं वाकून एक पेला उचलला, दुसऱ्या हातानं त्याचा आतला तळ पुसल्यासारखं केलं आणि तो एका पोरापुढं धरला. सबंध कट्टा चंद्रीच्या सडांकडं बघत होता. नाकेदार निसारकडं बघत होते. पोरानं पेला घेतला, आणि निसारनं मान दुसरीकडं वळवून डोळे मिटून घेतले.

"थांब बाळ," नाकेदारांनी धार पडायच्या आत पेला काढून घेतला. खिशातला पांढरा रुमाल ओला करून आतून फिरवला.

रुमाल निळा झाला.

"काय घावलं काय, नाकेदार?" वस्तादांनी लांबून हाळी दिली.

नाकेदारांनी रुमाल मुठीत चुरगाळून खिशात घातला. त्यांनी आयुष्यभर हौसेनं थापा मारल्या होत्या. ही पहिली थाप त्यांनी मान खाली घालून मारली.

"न्हाय वस्ताद. पेला गळतोय जरासा."

६

रविवारी सकाळी रंकाळ्यावर म्हशी डुंबत होत्या. लांबवर तानाबाई चंद्रीची पाठ घासत होती. जणू सोमवार उजाडणारच नाही, इतक्या मायेनं. मामा-भाचे पायरीवर बसले. नाकेदारांनी रुमाल दोघांच्या मध्ये दगडावर ठेवला.

निसारनं त्याच्याकडं बघितलं. नाकारलं नाही, दचकलाही नाही. "धुतल्यावर जाईल डाग," एवढंच म्हणाला.

"का रं?" नाकेदारांचा आवाज फाटला. "ल्हान पोरांनी काय केलंय तुझं?"

निसारनं पाण्याकडं तोंड केलं. मग बोलायला लागला.

"भट्टी फुटली त्याच आठवड्यात मे महिन्याची सुट्टी लागली. दोस्ताबरोबर त्याच्या गावाला गेलतो, किएव्हच्या उत्तरंला. रेडिओवर दोन वाक्यं आली, त्यापरीस जादा कुणाला काय ठावं न्हाय. झाडं मोहरलेली, गाई चरालेल्या. एक दिवस सायकलवरनं नर्स आली. घरोघर सांगून गेली, गाईचं दूध ल्हान पोरांस्नी देऊ नका, डब्यातलं द्या. दोस्ताची आई बिचारी लगेच डबा काढाय लागली. आन् मी हसलो, मामू."

"हसलास?"

"मी कोल्हापूरचा. मी म्हटलं, डब्यातलं दूध म्हंजे काय दूध हाय? आमच्या गावात कसं पित्यात दाखवतो. गोठ्यात गेलो, गाय मीच पिळली, धार थेट कपात. मी प्यालो. दोस्ताची धाकटी बहीण हुती, ओक्साना, सात वर्सांची. तिला दिला. मग रोजचंच झालं. सुट्टी संपंस्तवर रोज. फेसाची मिशी उमटायची तिला, समदी हसायची. आईसुदीक."

म्हशीनं पाण्यात शेपटी आपटली. निसारनं अंग चोरलं.

"भट्टीतनं उडालेलं आयोडीन गवतावर बसलेलं. गवतातनं गाईत, गाईतनं दुधात. वाढत्या पोराच्या गळ्यात एक ग्रंथी असती, तिला आयोडीन लागतंय. समोर येईल ते ओढून घेती ती. मोठ्यांचं बहुतेक निभावतं. माझा गळा तपासला, रक्त तपासलं. ठणठणीत हाय मी. तिचं न्हाय निभावलं. गळ्यात गाठ आली. कॅन्सर."

"या अल्ला."

"परत यायच्या आधी दवाखान्यात भेटाय गेलतो. हितनं हितवर टाका." त्यानं आपल्या गळ्यावरून बोट ओढलं. "ग्रंथी काढली. वाचंल ती. खरं जन्मभर रोज सकाळी गोळी, आन् दर वर्सी गळा दाखवायचा, पुन्हा आलं का बघायचं. तिच्या गावचं म्हटलं की बसमध्ये लोक शेजारी बसत न्हाईत. मोठी झाल्यावर तिच्याशी लग्न कोण करंल, म्हणून आई आत्ताच रडाय लागलीय. आन् ते दुधातलं आयोडीन असतंय ना, मामू, ते काय कायमचं नसतंय. महिना-दोन महिन्यात आपसूक सरून जातंय. तेवढं दिवस डब्यातलं दिलं असतं तर भागलं असतं. निस्ता डबा."

नाकेदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तिच्या आईनं तिला सांगितलेलंच न्हाय कशानं झालं ते. ती मला विचारती, तुमच्या गावातली पोरं अजून तसंच दूध पित्यात का? मी म्हटलं, व्हय. ती म्हणाली, मजा हाय त्यांची."

"अरं, खरं चंद्रीच्या दुधात काय हाय? कुठं ती भट्टी, कुठं कोल्हापूर!"

"काय न्हाय. मला कळतंय की. डॉक्टर हाय मी. खरं पोरगं पेला घेतंय, मान वर करतंय, घोट उतरताना त्याचा गळा हलतोय, तवा हात माझं ऐकत न्हाईत. निळीनं कुणाला काय हुईत न्हाय. निळं दिसलं की पोरगं पेला ठेवतंय, बास. तेवढंच पायजे हुतं." त्यानं लांब बघितलं, तानाबाईकडं. "तिचं काय हुईल हे डोक्यातच आलं न्हाय. लाज त्याचीच वाटती. तितं बी मी दुसऱ्याच्या घरात घुसून घर बुडवलं, आन् हितं बी तेच."

मग, रागानं नव्हे, सहज आठवल्यासारखा तो म्हणाला, "मी निघालो तवा एस.टी. स्टँडवर तुम्हीच म्हणालासा, तिकडं डब्यातलं दूध पिऊ नगंस लेका, कोल्हापूरचं नाव घालवशील."

ती नाकेदारांची आवडती कोटी होती. त्या दिवशी स्टँडवर सगळे हसले होते. नंतर कितीदा तरी त्यांनी ती पुन्हा सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी लोक हसले होते. आता त्यांनी रुमाल उचलून मुठीत दाबला. खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "तू तोंड उघडायचं न्हाय."

"मामू—"

"न्हाय! आधीच लोक म्हणत्यात तुझ्या अंगातनं किरणं निघत्यात. तुझी दाढी करत न्हाईत. हे कळलं तर तुझ्या दवाखान्याची पायरी कोण चढणार न्हाय, तुझ्या आईला नळावर कोण पाणी भरू देणार न्हाय. तानाबाईचं मी बघतो. जन्म गेला खोटं बोलण्यात. येकदा तरी ते कुणाच्या उपेगी पडूदे."

७

रविवारी दिवेलागणीला सबंध कट्टा जमला. वस्ताद दगडावर बसले. तानाबाई चंद्रीचं दावं धरून उभी. पलीकडं कृष्णात, शालूबाई, पैलवान, पोरं, पोरांच्या आया. निसार गर्दीच्या मागं भिंतीला टेकून.

"बोला नाकेदार," वस्ताद म्हणाले. "कोण हाय?"

नाकेदारांनी घसा खाकरला. त्यांच्या थापा नेहमी ऐटीत सुरू व्हायच्या, हात हवेत उडायचे. आज हात खिशातून बाहेर आले नाहीत.

"कोण न्हाय, वस्ताद. म्हशीत दोष न्हाय, माणसात बी न्हाय. दोष कल्हईत हाय. पाडव्याच्या आधी येक परमुलखातला कल्हईवाला आलता. त्यानं कथलात मोरचूद मिसळलं, पेलं चकचकीत दिसावं म्हणून. गार पाण्यात मोरचूद गप बसतंय. ऊन धार पडली की रंग सोडतंय. म्हणून नुसतं ल्हान पेलं निळं. पैलवानांच्या तांब्यांस्नी जुनी कल्हई हाय, त्यास्नी काय न्हाय."

गर्दीत हुंकार उठला. सगळं नीट बसत होतं. कृष्णात सुद्धा म्हणाला, "मायला, व्हय की!" नाकेदारांनी श्वास सोडला. परमुलखातला कल्हईवाला आता कुणाला सापडणार नव्हता.

फक्त तानाबाई त्यांच्याकडं टक लावून बघत होती. "नाकेदार," ती हळूच म्हणाली, "कवा आलता कल्हईवाला? मी तर कल्हई गेल्या साली केलीया."

त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. आणि बाकीच्यांनी तिचं ऐकलं नाही, कारण वस्ताद उठून उभे राहिले होते.

"मोरचूद," ते म्हणाले. "द्राक्षांवर फवारत्यात, त्येच न्हवं?"

"व्हय, खरं—"

"म्हंजे इख." वस्ताद तानाबाईकडं वळले. "बाई, पेलं तुझं. कल्हई तुझ्या दारात झाली. तीनदा निळं झालं तरी पेलं बदलावंत, कुणाला तरी दाखवावंत, हे तुला सुचलं न्हाय? लेकरांस्नी इखाच्या भांड्यात दूध पाजलंस?"

"वस्ताद, तसं न्हवं ते!" नाकेदार पुढं झाले. "तिला काय ठावं असणार?"

"धंदा तिचा, तिला ठावं पायजे." एक आई आपल्या पोरीला ओढून मागं नेत होती. तिची ती पोरगी, जिचे ओठ निळे झाले होते, रडायला लागली. "भेसळ केली असती तर येक वेळ माफ केलं असतं," वस्ताद पुन्हा तानाबाईकडं वळले. "सोड दावं. हितनं सोड, आत्ता."

तानाबाई हलली नाही. मग शालूबाईच पुढं आली. तिनं जावेच्या हातावर हात ठेवला, आणि दोघींनी मिळून चंद्रीच्या दाव्याची कट्ट्याला मारलेली गाठ सैल करायला घेतली. नाकेदार आणखी एक पाऊल पुढं झाले. रचलेल्या थापेवर दुसरी थाप चढवायला गेले, पण त्या सबंध गर्दीत त्यांना एकच तोंड दिसत होतं, तानाबाईचं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. निसारच्या अंगाला अंग लागू नये म्हणून लोकांनी आपसूक वाट दिली होती, आणि त्या मोकळ्या वाटेनं तो सरळ कट्ट्यापर्यंत आला. त्यानं गाठीवरचे दोघींचे हात बाजूला केले, गाठ पुन्हा आवळली आणि मामाकडं वळला.

"मामू, खोटं हाय हे," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "कल्हईवाला आलाच न्हाय. नीळ मी घातली."